लाइनमनच्या घरचा आदर्श

२ मार्च

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. विचार फार झाले की डोक्यात गर्दी होते आणि घरात ऐकून घेणारं कुणी नाही.

आजचा विचार: खेळाडूंना तरुणांचे आदर्श मानणं बंद झालं पाहिजे. कायद्यानं.

निमित्त ती शेंडीवाली. बॅडमिंटनची चॅम्पियन. केस टाळूच्या बरोबर मध्यावर बांधते, म्हणून मी तिला शेंडीवाली म्हणतो. काल टीव्हीवर सेमीफायनल. शटल बाहेर पडलं, लाइनमननं आऊट दिलं आणि ही बया रॅकेट आपटून त्याच्या अंगावर ओरडली. सगळ्या जगासमोर. तो बिचारा मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसून राहिला. मी ताट बाजूला सारलं. कारण मी स्वतः लाइनमन आहे. आठवडाभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून शटल पट्टीच्या आत पडलं की बाहेर, ते सांगतो. दोन्हीकडे लोक ओरडतात. पण खिडकीला निदान काच आहे.

नंतर मशीननं दाखवलं की शटल आत होतं. मशीन! कानामागून आली आणि तिखट झाली.

कन्या (वय पंधरा, खेळते बरी, शेंडीवालीची भक्त) म्हणाली की बाबा, आतच होतं, पट्टीवरची धूळ उडालेली दिसली. मी म्हटलं, धूळ मलाही दिसते. दिसली नव्हती, पण तो मुद्दा नाही.

३ मार्च

रात्रभर विचार करून निष्कर्ष: मुलांचा आदर्श घरातच असायला हवा. आता घरात कोण आहे? बायको. ती लवकर उठते, वेळेवर बँकेत जाते, खोटं बोलत नाही, चिडत नाही. पण आदर्श म्हणजे काहीतरी ठसठशीत लागतं. म्हणजे मीच.

उद्यापासून पहाटे पाचला उठणार. व्यायाम. घरात आवाज चढवायचा नाही. जे बोलू तेच करू.

४ मार्च

पाचला उठलो नाही. गजर झाला होता, पण मोबाइलवर तीन वाजलेले दिसले म्हणून बंद करून झोपलो. नंतर कळलं की पाचच होते. हे मोबाइलवाले तीन आणि पाच इतके सारखे का काढतात? आवाज चढवला. पण मोबाइलवर.

६ मार्च

आज धाडसी पाऊल. कन्या शाळेत असताना तिच्या पलंगासमोरचं शेंडीवालीचं पोस्टर काढलं. त्या जागी माझं क्लबचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं: ‘निष्ठावान लाइनमन’. पोरीनं डोळे उघडले की पहिलं तेच दिसावं.

संध्याकाळी कन्या आली, बघितलं. पोस्टर उचललं, सरळ केलं आणि कपाटाच्या दाराला आतून लावलं. बायको म्हणाली, सर्टिफिकेट उलटं लागलंय. खिळ्याचा दोष. ती पुढे म्हणाली, अहो, एकदा डोळे तपासून घ्या. बायकांना विषय कुठून कुठे न्यायचा हे बरोबर कळतं.

९ मार्च

क्लबच्या बोर्डावर नोटीस. वर्धापनदिनाला, म्हणजे तीस तारखेला, वक्तृत्व स्पर्धा. विषय वाचून अंगावर काटा आला: ‘खेळाडू तरुणांचे आदर्श असावेत का?’ मनकवडे आहेत लेकाचे. ताबडतोब विरोधी बाजूनं नाव दिलं. वेळ पाच मिनिटं. माझ्याकडे साधारण पाऊण तासाचा मजकूर आत्ताच तयार आहे. सेक्रेटरींना म्हटलं, थोडं पुढेमागे चालेल ना? ते म्हणाले, मागे चालेल.

१२ मार्च

परिणाम दिसू लागला! सर्टिफिकेट लावून आठवडा झाला नाही आणि कन्या पहाटे उठून गच्चीत दोरीच्या उड्या मारते. (आवाजानं माझी झोप मोडते, पण संस्कार म्हटलं की आवाज व्हायचाच.) अंथरुणाची घडी स्वतः घालते. जेवताना मोबाइल बाजूला. काल ग्लास फुटला तर विचारायच्या आधीच म्हणाली, माझ्या हातून फुटला. मी बायकोला म्हटलं, बघ, डोळ्यांसमोर चांगलं काही असलं की असं होतं. बायको म्हणाली, शेंडीवालीच्या मुलाखतीत आहे सगळं, ती पाचला उठते, अंथरुणाची घडी घालते. मी विषय बदलला. कुणाला श्रेय द्यायचं झालं की आपल्या माणसांची जीभ जड होते.

कन्येनं केसही टाळूवर बांधायला सुरुवात केली आहे. हे मात्र तिकडूनच आलेलं दिसतं. वाईट तेवढं तिकडून.

१५ मार्च

शेंडीवालीला दंड झाला. आनंद साजरा करायला दुसरा कप चहा मागितला. तेवढ्यात कन्या म्हणाली, बाबा, ती दुसऱ्या दिवशी त्या लाइनमनकडे गेली होती, सगळ्यांसमोर सॉरी म्हणाली. मी म्हटलं, नाटकं. कॅमेरा असला की माफी मागायला काय जातं? कन्या म्हणाली, कॅमेरा नसता तर कुणाला कळलं असतं? मी म्हटलं, तेच तर. नंतर विचार केला तर मी काय म्हणालो ते मलाच नीट कळलं नाही. पण जोरात म्हणालो होतो.

चहा गार झाला.

१८ मार्च

हॉलमध्ये गेलो तर पलीकडच्या टोकाला सेक्रेटरी उभे. दोनदा हात केला. उत्तर नाही. पदावर बसला की माणूस मग्रूर होतो. समोरच जाब विचारावा म्हणून जवळ गेलो तर ते गुंडाळून उभं केलेलं जुनं मॅट होतं. मॅट असं उभं करायची पद्धत नाही. सांगितलं पाहिजे.

घरी हा किस्सा सांगायची चूक केली. बायकोनं डोळ्यांच्या डॉक्टरची उद्याची वेळच घेऊन टाकली. मी म्हटलं, माझे डोळे म्हणजे लाइनमनचे डोळे. ती म्हणाली, म्हणूनच.

१९ मार्च

डॉक्टरकडे निघालो. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो, म्हणजे बरंचसं गेल्यासारखंच. आत डोकावलो तर सगळे म्हातारे. चष्मा लागला तर? चष्मा घालून लाइनमनच्या खुर्चीत बसायचं म्हणजे लोकांच्या हातात आयतं कोलीत. समोरच्या चहाच्या दुकानात बसून विचार केला. दोन कप विचार झाला. घरी येऊन सांगितलं की डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, हे असेच ठेवा.

हे खोटं नाही. गेलो असतो तर हेच म्हणाले असते.

एक बारीकशी गोष्ट. चहाच्या दुकानावरून कन्या सायकलनं गेली. तिनं मला बघितलं. घरी मी डॉक्टरांबद्दल सांगत होतो तेव्हा ती समोरच होती. एकदा माझ्याकडे बघितलं आणि वह्या उचलून आत गेली. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

२१ मार्च

परवा ज्युनियरची फायनल. कन्या फायनलला! समोर एक डावखुरी मुलगी. जिंकणारी मोठ्या कॅम्पला जाणार आणि त्या कॅम्पला शिकवायला शेंडीवाली येणार आहे. कन्येची झोप उडाली आहे. काल जेवताना भिंतीकडे बघून हसत होती. मला विचारलं, बाबा, मी तिच्याशी काय बोलू? मी म्हटलं, आधी जिंक. आणि गेलीस तर तिला लाइनमन लोकांबद्दल दोन शब्द सांग.

मला कॅम्पबद्दल काही म्हणायचं नाही. जावं तिनं. माझा काही विरोध नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

अडचण अशी की फायनलला लाइनमन कमी पडताहेत. एकाला ताप, एकाच्या घरी लग्न. नातेवाइकांच्या मॅचला बसू नये असा संकेत आहे. पण मी सेक्रेटरींना म्हटलं, मला बसवा. बाप असून निःपक्षपाती कसं राहायचं ते पोरांना दाखवतो. आदर्श म्हणजे आणखी काय असतं? सेक्रेटरी कुरकुरले. कन्येचे कोच तर नकोच म्हणाले. पण खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. शेवटी हो म्हणाले.

मनाशी ठरवलं आहे: जरा जरी शंका आली तर निर्णय कन्येच्या विरुद्ध द्यायचा. कुणाला बोट दाखवायला जागा नको.

२३ मार्च, संध्याकाळ

झालं ते लिहून काढतो म्हणजे डोकं शांत होईल.

पहिला गेम डावखुरीचा, दुसरा आपल्या पोरीचा. तिसऱ्यात सतरा-सतरा. हॉल नुसता तापलेला. एक शटल कन्येच्या डोक्यावरून मागे बाहेर गेलं. पॉइंट तिचा. तेवढ्यात तिनं स्वतःच हात वर केला आणि मधल्या पंचांना सांगितलं की शटल माझ्या केसांना लागलं. त्या शेंडीला! कुणाला दिसलं नव्हतं. पंचांना नाही, डावखुरीला नाही, मला तर नाहीच. अंगाला लागलं की पॉइंट समोरच्याचा. गेला पॉइंट. हॉलनं टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या: एक, मूर्ख पोरगी. दोन, हे माझे संस्कार.

मग वीस-एकोणीस. डावखुरीला एक पॉइंट हवा. कन्येनं शटल माझ्या पट्टीकडे मारलं. तिरकं, वेगात. डावखुरी तिथे पोचलीच नाही.

आता खरं सांगायचं तर, इथे कोण वाचणार आहे, मला पांढरं काहीतरी दिसलं. पट्टी पांढरी, शटल पांढरं. पांढऱ्यावर पांढरं. हे रंग कुणी ठरवले? लाइनमनला शटल दिसलं नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, अशी नियमात सोय आहे. मी ती कधी वापरली नाही. भरलेल्या हॉलमध्ये, पोरीच्या फायनलला, डोळे झाकून बसलेला बाप? फोटो निघाला असता.

शंका आली होती. आणि शंका आली तर कन्येच्या विरुद्ध, हे ठरलेलं होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व. दोन्ही हात पसरले आणि ओरडलो: आऊट.

मधल्या पंचांनी माझ्याकडे बघितलं. जुने स्नेही. तुमच्या शब्दापुढे काय, असा चेहरा करून त्यांनी मॅच संपवली. कोच काहीतरी म्हणाले, ते लिहिण्यासारखं नाही.

कन्या वळली. मला वाटलं, आता रॅकेट आपटणार. शेंडीवालीचीच भक्त ती. मी तयार होतो, खरं म्हणजे वाट बघत होतो, भाषणाला उदाहरण झालं असतं. तिनं आपटली नाही. माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, मग जाऊन डावखुरीशी हात मिळवला. मग पंचांशी. मग माझ्या खुर्चीकडे आली आणि माझ्याशीही. हात घामानं ओला होता. थँक यू म्हणाली, सगळ्या लाइनमनना म्हणतात तसं.

घरी येताना सायकल हातात धरून चालत आली. मीही चाललो. बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं, पण ती पुढे होती.

२४ मार्च

मेहुणा आला. हा हिचा धाकटा भाऊ मोबाइल विकतो, त्यामुळे समोर जे घडेल त्याचं शूटिंग करतो. काल करत होता. जेवायच्या टेबलावर मोबाइल ठेवला आणि म्हणाला, भावोजी, बघा. सावकाश करून दाखवलं. शटल पट्टीच्या आत. काठावर वगैरे नाही, चांगलं आत, पोट टेकून बसलेलं.

मी म्हटलं, कोन चुकीचा आहे. तो म्हणाला, मी तुमच्या मागेच उभा होतो. मी म्हटलं, मोबाइल स्वस्तातला असेल. तो दुखावला.

बायकोनं बघितलं आणि फोन पालथा ठेवला. म्हणाली, डॉक्टर डोळे उत्तम म्हणाले ना? मी म्हटलं, डॉक्टर बदलायला हवा. कन्या ताटात बघत होती. तिला माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर माझी पळता भुई थोडी झाली असती. बोलली नाही.

मेहुण्यानं जाता जाता आणखी मीठ चोळलं. केसांना लागल्याचं तिनं स्वतः सांगितलं ना, ते शेंडीवालीचं आहे म्हणे. गेल्या वर्षी तिनं असाच आपल्या हातानं एक पॉइंट सोडला होता, कन्या तो व्हिडिओ रोज बघते. मी म्हटलं, असेल. पण बी पेरायला जमीन लागते, ती कुणाची? मेहुणा म्हणाला, ताईची.

२६ मार्च

ऑफिसात एक म्हातारा खिडकीवर आला. म्हणाला, मीटर चुकीचं वाचलंय तुमच्या माणसानं. नेहमीप्रमाणे म्हटलं, आमचा माणूस चुकत नाही. तो म्हणाला, चुकू दे हो, पण येऊन एकदा परत बघू दे की. उगाच चिडचिड झाली. खिडकी पाच मिनिटं आधी बंद केली.

कन्या पहाटे उठत नाही आता. गच्चीत दोरीचा आवाज नाही. मला छान झोप लागायला हवी होती. लागत नाही. पाचला टक्क जागा होतो, आणि आता मोबाइल न बघताही कळतं की पाच वाजलेत.

तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा विचारलं, पंखा नीट चालतो ना? दुसऱ्यांदाही तेच विचारलं.

२८ मार्च

भाषण पाच मिनिटांत बसलं. सगळं कापून एकच मुद्दा ठेवला: मुलं खेळाडूंकडून शिकत नाहीत, घरातल्या माणसांकडून शिकतात. ते जे करतात तेच मुलं करतात. बायकोला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण तुम्ही नका बोलू हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढची ओळ तिनं म्हटली नाही, तरी मला येते.

नाव मागे घ्यावं का? घसा बसला म्हणावं? पण लोक म्हणतील, तोंड लपवलं. मी काय चोरी केली आहे?

माझं ठरलं. बोलणार. आणि भाषणानंतर कन्येला घेऊन निवांत बसणार आणि सांगणार. काय सांगायचं ते त्या वेळी सुचेल.

३० मार्च

स्पर्धा झाली.

हॉल भरलेला. बायको नि कन्या तिसऱ्या रांगेत. भाषण रंगलं. आवाज खणखणीत लागला. घरातला आदर्श, घरातला आदर्श, असं तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा टाळ्या. शेवटी परीक्षकांनी नियमाप्रमाणे श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं.

कन्येचे कोच उठले. म्हणाले, भाषण आवडलं, एकच विचारतो. गेल्या रविवारचं शेवटचं शटल आत होतं की बाहेर?

माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितलेला. मेहुण्यानं कुणाला पाठवायचा ठेवला असेल तर शपथ. मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. आत होतं, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. जिभेच्या टोकावर आले होते, खरंच आले होते. चूक कबूल करायची याहून चांगली जागा कुठे मिळणार, हेही डोक्यात आलं. तोंडातून निघालं ते असं की, त्या वेळी उजेडाची परिस्थिती, म्हणजे, एकूण बघता…

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली. कन्या उभी राहिली. म्हणाली, बाहेर होतं, सर. मी जवळ होते. मला दिसलं.

सरळ कोचच्या डोळ्यांत बघून. न अडखळता.

कोच तिच्याकडे बघत राहिले आणि खाली बसले. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच, पोरगी बापासाठी उभी राहिली म्हणून. तिला. बायकोनं वाजवली नाही. तिनं कन्येचा हात धरला आणि खाली बसवलं.

मला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, वक्त्यांच्या मुद्द्याचं उदाहरण आपण आत्ताच डोळ्यांनी बघितलं, घरच्या संस्कारांतून मुलं किती खंबीर होतात. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

घरी येताना बायको पुढे गेली. कन्या नि मी मागे. मी म्हटलं, तू तसं का म्हणालीस? ती म्हणाली, मग काय म्हणायचं होतं, बाबा? तुम्ही किती वेळ पाणी पीत होता.

मी म्हटलं, शटल आत होतं. पहिल्यांदाच म्हटलं. रस्त्यावर, ऐकायला तिच्याशिवाय कुणी नसताना.

ती म्हणाली, माहीत आहे.

मग म्हणाली, पुढच्या वेळी माझ्या मॅचला नका बसू हं. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

पंधरा वर्षांत ही पोरगी माझ्यासमोर कधी खोटं बोलली नव्हती. फुटलेला ग्लास असो, केसांना लागलेलं शटल असो, स्वतःहून सांगायची. ते ती शेंडीवालीकडून शिकली असेल, बायकोकडून शिकली असेल, मला आता त्यात वाद घालायचा नाही. पण आज भरल्या हॉलमध्ये ती जे बोलली, ते या घरात फक्त एका माणसाकडून शिकता येतं. आणि माझ्यापेक्षा चांगलं जमलं तिला.

मुद्दा सिद्ध झाला. बक्षीस मिळालं नसतं तर बरं झालं असतं.